दर सेकंदाला दीडशे अक्षरं

हिंगण्याची बस अंगावर आली तेव्हा शरच्चंद्र पेंडक्यांना देव आठवला नाही, बायको आठवली नाही, नागपुरातलं महाल भागातलं राहतं घर की काटोलला दिलेली मुलगी, काही म्हणता काही आठवलं नाही. आठवला तो एक आकडा. दहा. व्हेरायटी चौकात सकाळी साडेनऊच्या सुमाराला ते नेहमीसारखेच इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडायला निघाले होते, कारण गेली पंचवीस वर्षं त्या चौकातली वाहनं आपल्याला बघून थांबतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तशी ती आजही खोटी ठरली नाही म्हणायची. वेळ चुकलेली ती कारखान्याची बस त्यांच्यापासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. इंजिनाची गरम झळ सदऱ्याच्या बाह्यांतून आत शिरली, जळक्या रबराचा वास आला, आणि ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून विचारलं, "काकाजी, घरी सांगून निघाले का?" पेंडक्यांनी छत्री सावरत उत्तर दिलं, "हो, सांगूनच निघालो." ते खरंच होतं. पार्वतीबाईंना सांगितल्याशिवाय ते कधी उंबरा ओलांडत नसत. बसमधली माणसं हसली, बस निघून गेली, आणि पेंडके पलीकडच्या फुटपाथवर येऊन उभे राहिले. माणसाचा शेवट वीतभर अंतरावर येऊन उभा राहतो आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात दहा हा आकडा येतो, याला काय म्हणावं? लग्नाच्या पंगतीत कुणाच्याच ओळखीचा नसलेला पाहुणा येऊन बसावा तसा तो आकडा डोक्यात बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

आकड्यांशी त्यांचं वैर नव्हतं, उलट सगळं आयुष्य आकड्यांच्या जिवावर मानानं गेलेलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या तार-टेलिफोनच्या कचेरीत पेंडके म्हणजे चालतंबोलतं कोष्टक. कुणी यावं आणि वेग सांगावा, पेंडक्यांनी वर पंख्याकडे बघावं आणि लाइन सांगावी. वर्तमानपत्रवाले फोन करून विचारत, आमचं नवं टेलिप्रिंटर यंत्र तारेवरून मिनिटाला सहासष्ट शब्द छापतं, आम्हाला काय लागेल? पेंडके म्हणत, पन्नास बॉड. बॉड म्हणजे तारेवरून सेकंदाला किती ठोके जातात त्याचं माप. असे पन्नास-पन्नास ठोक्यांचे चोवीस पदर माणसं बोलतात त्या टेलिफोनच्या एका लाइनवर शेजारी शेजारी मावतात, म्हणजे एका लाइनवर सेकंदाला बाराशे ठोके. हे सगळं त्यांच्या डोक्यात इतकं मुरलेलं होतं की कचेरीबाहेरही ते थांबत नसे. पार्वतीबाईंचं बोलणं ते मिनिटाला एकशे ऐंशी शब्द धरत, म्हणजे टेलिप्रिंटरचे जवळजवळ तीन पदर, आणि हे त्यांनी एकदा जेवताना बोलूनही दाखवलं होतं. त्यानंतर दोन दिवस त्या घरात एकही पदर चालू नव्हता. रेल्वेवाले, हवामानवाले, विजेच्या कंपनीचे लोक, सगळ्यांना त्यांनी तीस वर्षं लाइनी मोजून दिल्या आणि एकही मोजणी फिरून आली नाही. गर्व होता का? होता, आणि तो का नसावा हे पेंडक्यांना कधी कळलेलं नव्हतं.

ते चालायला लागले. ऑक्टोबरचं ऊन आता चढत होतं, छत्रीच्या काळ्या कापडातूनही ते टाळूला लागत होतं. दहा. कशाचे दहा? दहाची गाडी नव्हे, दहा तारीख होऊन गेली. त्यांच्या आवडीचा आकडा तर साडेसात. कचेरीतली जुनी माणसं त्यांना पाठीमागे साडेसात साहेबच म्हणत आणि ते ठाऊक असून त्यांना राग नव्हता. एकोणीसशे बावन्न साली, जबलपूरला तारेचं शिक्षण घेताना, त्यांनी पहिल्यांदा टेलिप्रिंटर पाहिला होता. शिकवणारा म्हातारा अँग्लो-इंडियन होता. तो म्हणाला, बघू नकोस, हात ठेव. त्यांनी यंत्राच्या झाकणावर तळवा ठेवला. दुसऱ्या गावाहून कुणी तरी एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत होतं, आणि ते अक्षर शरच्चंद्रच्या तळव्याखाली जन्माला येत होतं. आधी एक ठोका, मी आलो असं सांगणारा. मग पाच ठोके खुद्द अक्षराचे. आणि शेवटी दीड ठोका, मी गेलो म्हणणारा. साडेसात. त्या दिवसापासून अक्षर ही त्यांच्या लेखी कागदावरची गोष्ट उरली नाही. अक्षर साडेसात ठोके लांब असतं, गरम असतं आणि त्याला यंत्राच्या तेलाचा वास येतो. पुढे लग्नात हातात हात दिला तेव्हाही तळवा तसाच थरथरला होता, आणि त्या थरथरीचीही मोजदाद करायचा मोह त्यांना झाला होता. नंतर पोरं शिकवली, किती तरी बॅचेस, प्रत्येकाला सांगितलं, सगळं विसर पण साडेसात विसरू नको.

आणि मग झाशी राणी चौकाच्या अलीकडे, एका रसवंतीच्या बंद दारापाशी, तो पाहुणा कोण ते त्यांना कळलं. दहा हा त्यांचा आकडाच नव्हता. तो सुभद्रा गावंडेचा होता. काल दुपारी तिनं तो त्यांच्या टेबलावर ठेवला होता आणि त्यांनी तो हसत हसत परत केला होता.

सुभद्रा कचेरीत येऊन दोन वर्षं व्हायची होती. फेब्रुवारीत तिची नोकरी पक्की व्हायची. सावनेरकडच्या शेतकरी घरातली पोरगी, अभियांत्रिकी शिकलेली, दोन वेण्या घालून यायची आणि कचेरीतल्या बायकांबरोबर डब्याला न बसता जिन्यात उभी राहून भाकरी खायची. काल कोळशाच्या कंपनीचा अर्ज आला होता. त्यांनी नागपूरला संगणक आणला होता आणि उमरेडच्या खाणीवरून रोजच्या कामाची माहिती थेट त्या संगणकात पाडायची होती. वेग, दर सेकंदाला दीडशे अक्षरं. लाइन किती लागेल ते कळवावे. पेंडक्यांनी पंख्याकडे पाहिलं. दीडशे गुणिले साडेसात, अकराशे पंचवीस. बाराशेच्या आत. एक लाइन. अर्ज वाचून संपायच्या आत उत्तर तयार होतं आणि ते हिरव्या शाईनं लाइनपत्रकावर उतरलंही होतं.

आता त्या कचेरीत एक रीत होती, दुसऱ्या सहीची. कुठलंही लाइनपत्रक दुसऱ्या सहीशिवाय बाहेर जात नसे. ज्येष्ठ माणसानं आपला आकडा काढावा, कनिष्ठानं वेगळ्या खोलीत बसून, पहिला आकडा न बघता, स्वतःचा काढावा, आणि दोन्ही जुळले तरच दोघांनी सही करावी. ही रीत काही वरून आली नव्हती. ती अडुसष्ट साली खुद्द पेंडक्यांनी घातली होती. तेव्हा एका पत्रकात एक शून्य जास्त पडलं होतं आणि त्यापायी एका गावाला चार महिने तार धड जात नव्हती. एका माणसाच्या डोक्यावर गाव सोडू नये, असं तेव्हाचे चाळिशीतले पेंडके साहेबांसमोर टेबलावर बोट आपटून म्हणाले होते. पण रीत चौदा वर्षं चालली की तिला बसायला खुर्ची लागते. वेगळी खोली आधी गेली, तिथे रजिस्टरांची कपाटं आली. मग वेगळा कागद गेला. पेंडक्यांचा आकडा कधी चुकतच नाही म्हटल्यावर कनिष्ठ माणूस त्यांच्या टेबलापाशी येई, वर लिहिलेला आकडा बघे, खाली सही करी आणि चहाला जाई. काल सुभद्रा चहाला गेली नाही. ती पत्रक हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे दहा पाहिजे."

"काय दहा पाहिजे?"

"एका अक्षराले दहा ठोके. संगणकाचं अक्षर पाचाचं नसते, आठाचं असते. आधी एक, शेवटी एक. दीडशे दाहे पंधराशे. एका लाइनमध्ये नाही बसत, दोन लागन."

पेंडके हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आपल्या घरातलं लेकरू चुकीचा पाढा म्हणतं तेव्हा माणूस हसतो तसंच ते हसणं होतं, आणि आत्ता रसवंतीच्या दारापाशी त्यांना तेच जास्त लागलं. ते म्हणाले होते, "गावंडेबाई, कोळशाचेच आकडे पाठवायचे आहेत ना? कोळशाले काय एवढी मोठी बाराखडी लागते? अक्षर म्हणजे अक्षर. मी हात लावून मोजलं आहे." शेजारचे दोघे कारकूनही हसले होते. सुभद्रानं खाली वाकून सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची सही. पत्रक दोन दोरे बांधून वरच्या मजल्यावर महादेवरावांकडे गेलं. ते विभागाचे साहेब. आज बाराच्या टपालाच्या थैलीतून ते मुंबईला जायचं होतं.

चुकलं आहे, असं पेंडक्यांना अजून म्हणवत नव्हतं. ते पुन्हा चालू लागले आणि चालता चालता त्यांनी त्या दहावर चारही बाजूंनी हल्ला केला. आठाचं अक्षर त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं? त्यांनी त्याबद्दल वाचलं होतं, दोन वर्षांमागे मुंबईहून आलेल्या परिपत्रकात त्याची आकृतीही होती, आणि ती बघून त्यांनी हे आपल्या काळात येत नाही असं म्हणून पान उलटलं होतं. म्हणजे माहीत होतं. मग काल ते कुठे गेलं होतं? सवयीनं झाकलं, असं म्हणायला हरकत नव्हती आणि ते बऱ्यापैकी अब्रूचं उत्तर होतं. तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. पण पेंडके स्वतःशी खोटं बोलण्यात कच्चे होते. चालता चालता त्यांना दिसलं की अर्ज वाचताना, वेगाच्या आकड्याच्याही आधी, त्यांनी गावाचं नाव वाचलं होतं. उमरेड. आणि त्याच क्षणी त्यांना उत्तर एकच लाइन असं यायला हवं होतं.

उमरेडच्या वाटेवर दोनच लाइनी मोकळ्या होत्या. एक कोळशाला दिली की एक उरत होती, आणि ती उमरेडच्या गावातल्या एक्स्चेंजला द्यायची, अशी टिपणी पेंडक्यांनी महिन्यापूर्वीच लिहून ठेवली होती. उमरेडला त्यांची मोठी बहीण होती, यमुताई. मेहुणे तिथल्या शाळेत मास्तर होते, ते गेले, ताई तिथेच राहिल्या. कोष्ट्यांच्या गल्लीत घर, दिवसभर मागांची खटखट, त्यामुळे की वयामुळे, कानांनी जरा कमी. दर पाडव्याला ताई पोस्टात जाऊन भावाला ट्रंककॉल लावत. सकाळी नऊला नंबर द्यायचा, बाकावर बसायचं, दुपारी दोनला लाइन मिळायची. मिळालेली तीन मिनिटं अशी जायची. "शरद, ऐकू येऊन राहिलं का?" "हो ताई, येऊन राहिलं. तुले?" "काय?" "तुले ऐकू येते का?" "अरे मले काय विचारतं, तुले येते का सांग." मग लाइन जोडून देणारी ऑपरेटर बाई म्हणायची, तीन मिनिटं झाली, आणि पुढल्या पाडव्यापर्यंत बहीणभावाचं बोलणं संपायचं. तरी ताई गल्लीत सांगत, शरदशी बोलून आलो. गेल्या वर्षी पेंडक्यांनी पत्रात लिहिलं होतं, अजून दोन पाडवे, मग तुला बाकावर बसावं लागणार नाही, मी बघतो. पाच तास बाकावर बसलेली ताई त्यांना आत्ता दिसली, मांडीवर पिशवी, पिशवीत घरून आणलेला पाण्याचा फिरकीचा तांब्या. तिच्यासाठी त्यांनी साडेसात धरलं होतं. धरलं म्हणजे ठरवून नव्हे, पण न ठरवताही नव्हे. चुकीपेक्षा हे त्यांना फार लागलं, कारण आकड्यांच्या बाबतीत आपण सोवळे आहोत एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर कुणाला न सांगता जपली होती.

कचेरीत पोचल्यावर त्यांनी छत्री खुंटीला अडकवली नाही, तशीच काखेत धरून ते थेट वर गेले. महादेवराव पेपर वाचत होते. पत्रक टेबलावरच होतं, त्यावर महादेवरावांची लफ्फेदार तिसरी सहीही होती. पेंडके म्हणाले, "ते उमरेडचं पत्रक परत पाहिजे. आकडा चुकला."

महादेवरावांनी पेपर खाली ठेवला. "कोणाचा?"

"माझा."

"तुमचा कसा चुकन?" महादेवराव हसले, आणि ते हसणं पेंडक्यांना ओळखीचं वाटलं. कालचं त्यांचं स्वतःचंच. "बसा. चहा घ्या. तब्येत बरी आहे ना?"

पेंडक्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आठाचं अक्षर, पंधराशे ठोके, एका लाइनीत न मावणारी दीडशे अक्षरं. संगणक खाणीकडून माहिती मागत राहील आणि दर सेकंदाला तीस अक्षरं सांडत जातील, हेही सांगितलं. महादेवराव मन लावून ऐकत होते. मग खुर्ची पुढे ओढून ते हलक्या आवाजात म्हणाले, "पेंडके, हे पाहा गा. मंजुरी येईन मार्चात. लाइन बसता बसता अजून एक वर्ष. तोवर तुम्ही रिटायर, मी भोपाळले. उमरेडच्या लोकायले एक लाइन भेटून राहिली, ती भेटू द्या ना. कोळशेवाले मागाहून रडतीन तेव्हा देऊ दुसरी. काहून तुम्ही तीस वर्षांच्या नावावर शाई सांडता?"

याला मोह म्हणतात हे पेंडक्यांना कळलं, आणि तो किती गोड असतो तेही कळलं. महादेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या बोलण्यातला शब्द न शब्द हिशोबाला धरून होता. लाइन बसेल तेव्हा पेंडके महालात गच्चीवर बसून कुंड्यांना पाणी घालत असतील, त्यांच्या निरोप समारंभातली भाषणं सगळ्यांच्या लक्षात असतील, आणि यमुताई पोस्टात जाऊन दहा मिनिटांत, "शरद, ऐकू येऊन राहिलं का?" पेंडक्यांनी पत्रकाकडे पाहिलं. वर त्यांची हिरवी सही, आणि खाली सुभद्रा नामदेव गावंडे, अक्षर न अक्षर सुटं. ती मात्र कुठे जाणार नव्हती. ती इथेच असणार होती, खाणीवरून तक्रार येईल आणि पत्रक काढून बघतील तेव्हा, आणि त्यावरच्या तीन माणसांपैकी हाताला लागण्यासारखी ती एकटीच असणार होती. जिनं बरोबर आकडा सांगितला होता ती.

"नाही साहेब," पेंडके म्हणाले. "द्या इकडे." आणि साहेब देतात की नाही हे न बघता त्यांनी ते उचललं.

खाली येताना त्यांना बरं वाटत होतं. खोटं का बोला, चांगलंच वाटत होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते मनात एकेक वाक्य रचत होते. गावंडेबाई, तुमचं बरोबर होतं. किंवा, गावंडेबाई, तीस वर्षांत पहिल्यांदा माझा आकडा चुकला आणि तो तुम्ही पकडला. हे दुसरं त्यांना जास्त आवडलं. त्यात तीस वर्षं येत होती. टेबलाशी बसून त्यांनी साडेसातावर रेघ मारली, वर दहा लिहिले, पंधराशे लिहिले, आणि दोन लाइनी असं लिहिताना त्यांचा हात थांबला. बाकावर बसलेल्या ताई दर पाडव्याला तशाच बसणार होत्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि मग त्यांनी दोन लाइनी असं लिहिलं. सुभद्राला बोलावून त्यांनी पत्रक तिच्यापुढे सरकवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. कारकूनांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

सुभद्रा लाजली नाही की हसली नाही. तिनं पत्रक वाचलं आणि मान वर केली. "मग सही करू?"

"करा ना. तुमचाच आकडा आहे."

पेन तिच्या हातात होतं. ते तिनं टेकवलं नाही.

"काल काहून केली होती?" पेंडक्यांच्या तोंडून निघून गेलं. पायरीवर रचलेल्या वाक्यांत हे नव्हतं. "तुमचा दहा होता. तुम्हाले पक्कं माहीत होतं. मग साडेसाताखाली सही काहून केली?"

"तुम्ही म्हणाले म्हणून," सुभद्रा म्हणाली. ती रागावलेली नव्हती, विचारलं ते सांगत होती. "तुमचं चुकत नाही असं सारेच म्हणतेत. घरी गेलो, रात्रभर पुस्तक पाहिलं. पुस्तकात दहाच होते. तरी मले वाटे, पुस्तक चुकलं असन."

पेंडक्यांना चौकातल्या बसची झळ पुन्हा लागल्यासारखी झाली. अडुसष्ट साली टेबलावर बोट आपटून त्यांनी जे गाव एका डोक्यावर सोडू दिलं नव्हतं, ते पुढे चौदा वर्षं एकाच डोक्यावर चालत होतं, आणि ते डोकं त्यांचं होतं. आजवरच्या सगळ्या जुळलेल्या आकड्यांची, ज्यांचा त्यांना एवढा अभिमान होता, आत्ता त्यांना शंका आली. ते जुळले होते, की नुसते उतरवले गेले होते?

"आज तर मीच म्हणून राहिलो, दहा," ते म्हणाले. "आज करा."

"आजही तुम्हीच म्हणून राहिले ना, सर." सुभद्रानं पत्रक उलटं करून ठेवलं. मग शब्द निवडत ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जा थोडा वेळ. तुम्ही समोर असले की माझा आकडा तुमच्यासारखाच येते."

कारकूनांच्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. पेंडक्यांना या कचेरीत कुणी बाहेर जा असं म्हटल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते उठले. काय करावं न सुचून त्यांनी छत्री घेतली आणि रजिस्टरांच्या खोलीकडे बोट दाखवलं. "तिथे बसा. तिथे फोन आहे. पहिले तिथेच बसत असत." सुभद्रा कोरा कागद घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

व्हरांड्यात ते परीक्षेला आलेल्या मुलाच्या बापासारखे उभे राहिले. शिपाई नत्थू थैली खांद्यावर टाकून आला, म्हणाला, "साहेब, बारा वाजले. उमरेडचं पत्रक?" पेंडके म्हणाले, "आज नाही." नत्थूनं त्यांच्याकडे वळून पाहिलं, मग तो गेला. आतून सुभद्राचा आवाज येत होता, ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, विचारत होती, पुन्हा विचारत होती, आणि शब्द कळत नव्हते. पेंडक्यांनी कान द्यायचा मोह आवरला आणि ते चार पावलं लांब गेले. आंब्याच्या झाडाखाली सायकली लागलेल्या होत्या. आतल्या कागदावर काय उतरत असेल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची ही भावना इतकी नवी होती की सुरुवातीला ती भीती आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही. मग आलं. आणि तरी ती वाईट वाटेना.

दार उघडलं. सुभद्राच्या हातात घडी घातलेला कागद होता. "झालं. आकडा सांगत नाही," ती म्हणाली. "दहा नाही आले, एवढं सांगतो."

"दहा नाही?" पेंडक्यांचा आवाज चढला. "काल तुमचेच दहा होते. आज मी..."

"काल पुस्तकातले होते. आता तुम्ही करा. मी बाहेर थांबतो."

ते आत गेले. खोलीत कपाटांचा आणि वाळवीच्या औषधाचा वास होता. पेंडक्यांनी वर न बघता फोन ओढला, कोळशाच्या कचेरीतला संगणक सांभाळणारा माणूस मागितला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं की बाबा, तुझ्या यंत्राचं एक अक्षर किती ठोक्यांचं, एकेक करून सांग. तो माणूस हसला, म्हणाला, आत्ताच एका बाईंनी हेच विचारलं. आणि त्यानं सांगितलं. आधी एक. मग आठ. आणि शेवटी, त्यांचं यंत्र जुन्या घडणीचं असल्यामुळे, एक नव्हे, दोन. पेंडक्यांनी कागदावर उभ्या रेघा ओढल्या आणि त्या बोट ठेवून मोजल्या. अकरा. दीडशे गुणिले अकरा त्यांनी लिहून केलं, हातचा वर मांडून, आणि मग खालून वर पुन्हा तपासलं. बस अंगावर येताना डोक्यात आलेला आकडाही चुकलेलाच होता. हे कळल्यावर ते एकटेच मोठ्यानं हसले.

व्हरांड्याच्या कठड्यावर दोघांनी आपापल्या घड्या उलगडल्या. सोळाशे पन्नास. सोळाशे पन्नास. लाइनी दोन. आकडे जुळलेले पेंडक्यांनी आयुष्यात शेकड्यांनी पाहिले होते, पण असा आनंद त्यांना कधी झाला नव्हता, आणि तो लपवायला त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. नवं पत्रक सुभद्रानंच लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं त्यांची वाट न बघता वरच्या ओळीत सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. खालची ओळ मोकळी होती. पेंडक्यांनी तिथे सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

सुभद्रानं कागद उचलून नीट पाहिला आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली, सर," ती म्हणाली.